‘वेगळी राहा, पण घटस्फोट नको’ हा सल्ला देण्याआधी व्हिसा बघा

मा. संपादक,


परदेशातल्या स्थळांविषयी या पानावर मध्यंतरी दोन-तीन पत्रं आली होती. मुलगा काय कमावतो, व्यसन आहे का, नियमित चर्चला जातो का, याची चौकशी करा, असं वाचकांनी लिहिलं होतं. बरोबरच आहे. पण एक प्रश्न कुणी लिहिला नाही. तो आम्हीही विचारला नव्हता, आणि त्याची किंमत आमच्या घरातल्या लेकीनं मोजली. म्हणून हे पत्र.

प्रश्न असा: लग्नाच्या आधारावर परदेशात गेलेल्या माणसाचं तिथं बिनसलं, नवराबायको वेगळे राहायला लागले, तर त्या माणसाच्या तिथल्या राहण्याच्या परवानगीचं काय होतं?

माझ्या भावाच्या मुलीचं लग्न २०१८ साली आमच्याच चर्चमध्ये झालं. मुलगा इंग्लंडमध्ये जन्मलेला, ब्रिटिश नागरिक. आजीआजोबा आपल्याच भागातले, त्यामुळे सगळ्यांना घरचंच वाटलं. २०१९ च्या सुरुवातीला ती गेली. नवऱ्याच्या नागरिकत्वावर मिळणारा व्हिसा तिला मिळाला होता. तो तेहतीस महिन्यांचा असतो. मग आणखी अडीच वर्षांची मुदतवाढ घ्यायची, आणि पाच वर्षं पूर्ण झाली की कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करायचा, अशी ती वाट आहे. ही माहितीसुद्धा मला सगळं होऊन गेल्यावर कळली. लग्न ठरवताना ‘व्हिसा झाला’ एवढं ऐकून आम्ही पेढे वाटले होते.

पहिली मुदतवाढ मिळाली, आणि त्यानंतर काही महिन्यांत २०२२ च्या उन्हाळ्यात तिचा फोन आला. वृद्धाश्रमात काम करून मिळणारा पगार नवऱ्याच्या खात्यात जात होता. पासपोर्ट सासूच्या कपाटात. दोनदा त्यानं अंगावर हात टाकला होता. रडत रडत म्हणाली, “आत्या, मी काय करू? कामावरची एक बाई म्हणतेय, पोलिसांना सांग.”

आता मी काय सांगितलं ते लिहिते, कारण हे पत्र त्याच्यासाठीच आहे. मी म्हणाले, “पोलिसांत जाऊ नको बाळ, तोंड दाखवायला जागा राहणार नाही. घटस्फोटाचं तर नावच काढू नको. थोडे दिवस वेगळी राहा. त्याचं डोकं शांत होईल. कुणाला काही बोलू नको.” मी चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, मंडळीच्या महिला मंडळात किती जणींना समजावलं. मला वाटलं, शहाणपणाचंच सांगतेय. पाळकसाहेबांना विचारलं असतं तर त्यांनीही तेव्हा बहुधा असंच सांगितलं असतं.

तिनं माझं ऐकलं. चर्चमधल्या एका मल्याळी नर्सबरोबर खोली घेऊन राहिली. डॉक्टरला सांगितलं नाही, पोलिसांना सांगितलं नाही, तिथल्या पाद्रींनाही नाही. सात-आठ महिने गेले. तेवढ्यात नवऱ्यानं तिकडच्या गृहखात्याला, म्हणजे होम ऑफिसला, आपण आता एकत्र राहत नाही असं कळवून टाकलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिला पत्र आलं: तुमच्या राहण्याची परवानगी साठ दिवसांत संपेल.

भाऊ मला विचारायला लागला, “अगं, घटस्फोट कुठं झालाय? कोर्टात कागदसुद्धा नाही. मग परवानगी कशी काय संपते?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते मी नंतर शोधलं, वकिलांना विचारलं, तिच्याकडचे कागद पुन्हा पुन्हा वाचले.

आपल्याकडे ख्रिस्ती लोकांचा घटस्फोटाचा कायदा १८६९ सालचा. त्यात २००१ मध्ये दुरुस्ती होऊन परस्पर संमतीची वाट आली. त्या वाटेनं जायचं तरी आधी काही काळ वेगळं राहिलेलं असावं लागतं. त्याशिवाय कोर्टाकडून विभक्त राहण्याचा हुकूमही घेता येतो, ज्यात लग्न कायम राहतं. त्यामुळे आपल्या मनात हिशेब पक्का बसलाय, की वेगळं राहणं म्हणजे अजून काही बिघडलेलं नाही. सूटपत्र हाती पडलं तरच खरं बिघडलं. चर्चची शिकवणही त्याच बाजूची. शेवटपर्यंत थांबा, तोडू नका.

पण ब्रिटनचा जोडीदाराचा व्हिसा घटस्फोटाचा कागद बघत नाही. तो बघतो, हे दोघं खरोखर नवराबायको म्हणून एकत्र राहतात का आणि पुढेही राहणार आहेत का. कायमचं वेगळं झालं, संबंध तुटला, की त्या व्हिसाचा पायाच गेला. तसं झाल्यावर होम ऑफिसला कळवायचं असतं. मग परवानगी साधारण साठ दिवसांवर आणतात. तेवढ्यात दुसऱ्या कुठल्या आधारावर अर्ज करायचा, नाहीतर देश सोडायचा. घटस्फोट टाळून आमची मुलगी एक दिवससुद्धा सुरक्षित झाली नव्हती. मी तिला जिथं उभी राहा म्हटलं, तिथंच जमीन नव्हती.

आणि दुःखाची गोष्ट म्हणजे तिच्यासाठी वाट होती. ब्रिटिश नागरिकाच्या किंवा तिथं कायम झालेल्या माणसाच्या जोडीदाराचं लग्न घरातल्या छळामुळे मोडलं, तर तिला त्याच कारणावर थेट कायमच्या वास्तव्याचा अर्ज करता येतो. पाच वर्षं पूर्ण व्हावी लागत नाहीत. हातात पैसा नसेल, तर त्याआधी तीन महिन्यांची वेगळी परवानगी मागता येते. एरवी या व्हिसावर सरकारी मदत घ्यायला मनाई असते, पण त्या तीन महिन्यांत ती मिळू शकते आणि निवाऱ्याच्या घरात जागा मिळणं सोपं होतं. ही सोय २०१२ पासून आहे. छळ म्हणजे फक्त मारहाण नव्हे. पैसे अडवणं, कागद काढून घेणं, सतत धाकात ठेवणं हेही त्यात धरलं जातं. म्हणजे आमच्या मुलीच्या बाबतीतलं सगळंच.

फक्त ते दाखवायला काहीतरी हवं. डॉक्टरकडची नोंद, पोलिसांकडची तक्रार, पाद्रींचं पत्र, कुठल्या संस्थेकडे मदत मागितल्याचा कागद. तिच्याकडे त्या मल्याळी नर्सच्या शब्दाशिवाय काही नव्हतं. का नव्हतं? कारण आत्यानं सांगितलं होतं, कुणाला बोलू नको. वकील म्हणाल्या, तरीही अर्ज करून बघू. पण साठातले पंचवीस दिवस वकील शोधण्यातच गेले होते. ती थकली होती. म्हणाली, “आत्या, आता नको. मला घरी यायचंय.” एप्रिलमध्ये आली. एक सूटकेस घेऊन. चार वर्षांचा संसार त्या एका सूटकेसमध्ये मावला.

ती आता इथंच नोकरी करते. बरी आहे. तिला विचारूनच हे लिहितेय. म्हणाली, “माझं नाव नको, पण लिही. दुसरीला उपयोग होईल.”

शोधायला लागल्यावर लक्षात आलं, की प्रत्येक देशाचा हिशेब वेगळा आहे. एकीला जो सल्ला तारतो, तोच दुसरीला बुडवतो. आपल्या घरांत वारंवार येणारे प्रसंग तेवढे सांगते.

अमेरिकेचं बघा. नवरा एच-१बी व्हिसावर नोकरीला, बायको त्याच्यावर अवलंबून असलेल्या एच-४ वर. इथं हिशेब ब्रिटनच्या उलटा. नुसतं वेगळ्या घरात राहायला गेल्यानं तिचा दर्जा लगेच जात नाही. लग्न कायदेशीर आहे आणि नवऱ्याचा व्हिसा चालू आहे, तोवर तोही चालतो. पण घटस्फोटाचा अंतिम हुकूम झाला, की एच-४ चा आधार त्याच दिवशी संपतो. तिथं ‘घाई करू नका, आधी स्वतःच्या पायावरचा व्हिसा बघा’ हा सल्ला खरा ठरू शकतो. नवरा अमेरिकन नागरिक असेल तर आणखी वेगळं. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत ग्रीन कार्ड मिळालं, तर ते आधी दोनच वर्षांचं असतं आणि पुढे कायम करायला दोघांनी मिळून अर्ज करायचा असतो. नवरा सही देत नाही म्हणून बायका वर्षानुवर्षं सोसतात. पण घटस्फोट झाला असेल किंवा छळ झाला असेल, आणि लग्न खऱ्या मनानं केलं होतं हे दाखवता आलं, तर एकटीनं अर्ज करायची सवलत तिथल्या कायद्यात आहे. हे आपल्या किती मुलींना माहीत असेल?

गोव्यातल्या आणि सीमेवरच्या आपल्या नातेवाइकांमध्ये पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनला गेलेले खूप. स्विंडनमध्ये तर गोवेकरांची वस्तीच आहे. त्यांच्या बायकांचा प्रश्न पुन्हा निराळा. नवरा २०२० संपायच्या आत तिथं स्थायिक होता आणि लग्नही त्याआधीचं असेल, तर युरोपीय नागरिकांच्या कुटुंबांसाठीच्या योजनेत बायकोला दर्जा मिळतो. तिथं नुसतं वेगळं राहिल्यानं तो जात नाही. घटस्फोट हा महत्त्वाचा टप्पा. आणि घटस्फोटाचं प्रकरण सुरू होईपर्यंत लग्नाला किमान तीन वर्षं झाली असतील, त्यातलं किमान एक वर्ष दोघंही ब्रिटनमध्ये राहिले असतील, तर साधारणपणे तिचा हक्क टिकवता येतो. पण लग्न २०२० नंतरचं असेल तर बहुतेकींना माझ्या भाचीसारखाच साधा जोडीदाराचा व्हिसा घ्यावा लागतो. म्हणजे एकाच घरातल्या दोन जावा. थोरलीचं लग्न २०१९ चं, धाकटीचं २०२१ चं. दोघींना एकच नियम लावून सल्ला दिला, तर एकीचं नुकसान ठरलेलंच.

पुरुषांनाही हे लागू आहे. आपल्या समाजातल्या मुली नर्सिंग करून परदेशी जातात, मागून नवरा अवलंबितांच्या व्हिसावर जातो. संबंध तुटला तर त्याचीही परवानगी संपते, साठ दिवसांचा हिशेब त्यालाही. आणि नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या जोडीदारासाठी, बाई असो वा पुरुष, छळ झाला तरी ब्रिटनमध्ये २०२४ पासून फक्त ती तीन महिन्यांची परवानगी आहे. कायम वास्तव्याची थेट वाट नाही. मूल ब्रिटिश असेल किंवा तिथं कायम झालेलं असेल, तर पालक म्हणून अर्ज करता येतो. त्यासाठी मुलाला सांभाळता किंवा निदान नियमित भेटता, हे दाखवावं लागतं.

आपल्याकडे आलेल्या परक्या सुनेचीही आठवण ठेवूया. भारतीयाशी लग्न केलेल्या परदेशी माणसाला, लग्न नोंदवलेलं असून सलग दोन वर्षं टिकलं असेल, तर ओसीआय कार्ड मागता येतं. पण कोर्टानं लग्न मोडलं तर आपल्या नागरिकत्व कायद्याखाली ते कार्ड रद्द होऊ शकतं. नुसतं वेगळं राहणं हे त्या कलमातलं कारण नाही. तेव्हा अशा सुनेला “सही करून टाक, मोकळी हो” म्हणणाऱ्यांनीही आधी तिच्या कागदांचा विचार करावा. तिची मुलं इथं शाळेत असतात.

आणखी एक प्रकार आपल्या भागातसुद्धा घडतो. सुट्टीला म्हणून बायकोला माहेरी आणायचं, तिचा पासपोर्ट घेऊन आपण एकट्यानं परत जायचं, आणि फोन उचलायचा नाही. अशी माहेरी टाकलेली बाई इतके दिवस ब्रिटनच्या कायद्याबाहेरच राहत होती, कारण छळाच्या कारणावरचा अर्ज तिथं राहूनच करता यायचा. २०२२ मध्ये लंडनच्या हायकोर्टानं हा भेदभाव असल्याचं म्हटलं, आणि ३१ जानेवारी २०२४ पासून नियम बदलले. छळाचा भाग म्हणून परदेशात सोडून दिलेल्या जोडीदाराला आता आपल्या देशातूनही अर्ज करता येतो. ही गोष्ट आपल्या एकेका मंडळीत वाचून दाखवायला हवी.

आता मला काही जण म्हणतील, बाई घटस्फोट शिकवायला निघाल्या. तसं नाही हो. माझं स्वतःचं लग्न सदतीस वर्षं टिकलं, मिस्टर जाईपर्यंत. लग्न टिकावं असं मलाही वाटतं. पण लग्न टिकवायचा सल्ला आणि माणसाला कागदाविना उघड्यावर सोडायचा सल्ला यांत फरक आहे, आणि मी दुसरा दिला होता. घटस्फोट घ्यावा की नाही हा तिच्या विवेकाचा आणि देवापुढचा प्रश्न. व्हिसा कधी संपतो हा कॅलेंडरचा प्रश्न. पहिल्याचं उत्तर शोधत बसलो आणि दुसऱ्याची तारीख उलटून गेली.

दुसरा एक सल्ला मला आमच्याच नात्यातल्या एका शहाण्यानं दिला होता: “पाच वर्षं होईपर्यंत एकत्रच राहतो म्हणून सांगायचं, नंतर बघू.” हे कुणी करू नका. कायम वास्तव्याच्या अर्जात आम्ही एकत्र राहतो, असं लिहून द्यावं लागतं. खोटं उघडं पडलं तर अर्ज तर जातोच, पण फसवणुकीबद्दल दहा वर्षांपर्यंत प्रवेशबंदी होऊ शकते. आणि ज्या नवऱ्याशी पटत नाही, त्याच्या हातात आपल्या खोट्याचा पुरावा द्यायचा, याच्यासारखी दुसरी गुलामी नाही.

मग करायचं काय? आमच्या अनुभवातून मला उमगलं ते एवढं.

लग्न ठरवतानाच विचारा: व्हिसा कुठल्या प्रकारचा, कुणाच्या आधारावर, किती मुदतीचा, आणि लग्न बिनसलं तर काय. विचारायला लाज कसली? हुंड्याची बोलणी करताना लाजत नाही आपण.

कागद मुलीकडे असू द्या. पासपोर्ट, लग्नाचा दाखला, व्हिसाचं पत्र यांच्या प्रती माहेरीही ठेवा. ब्रिटनमध्ये आता व्हिसाचं कार्ड जाऊन सगळं ऑनलाइन खात्यावर आलंय. ते खातं तिच्या स्वतःच्या ईमेलवर आणि फोन नंबरवर उघडलेलं हवं. पुष्कळ घरांत नवराच ते उघडतो, स्वतःचा नंबर घालतो, आणि मग बायकोला आपलीच परवानगी बघता येत नाही.

त्रास सुरू झाला तर बोला, आणि नोंद होईल असं बोला. डॉक्टरला सांगा, पाद्रींना सांगा, जीवावर बेतलं तर पोलिसांना फोन करा. तारीख लिहून ठेवा. घर सोडायच्या आधी, आणि ते शक्य नसेल तर सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी, इमिग्रेशनच्या नोंदणीकृत सल्लागाराला किंवा वकिलाला भेटा. ओळखीतल्या ‘सगळं माहीत असलेल्या’ भाऊसाहेबांना नको.

आपल्या सरकारच्याही काही सोयी आहेत. परदेशातल्या भारतीय दूतावासांकडे अडचणीतल्या भारतीयांसाठी कल्याण निधी असतो. नवऱ्यानं टाकलेल्या बायकांना त्यातून कायदेशीर मदत मिळू शकते. परराष्ट्र खात्याच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार करता येते, आणि राष्ट्रीय महिला आयोगात अनिवासी भारतीयांच्या लग्नांसाठी वेगळा कक्ष आहे. आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

शेवटी आपल्या मंडळ्यांना विनंती. लग्नाआधी तीन रविवार आपण नावं वाचतो, काही अडचण असेल तर सांगा म्हणतो. लग्नाआधीच्या समुपदेशनात प्रार्थना, संसार, मुलंबाळं सगळं शिकवतो. त्यात एक तास व्हिसाच्या कागदांसाठी काढा. एखाद्या वकिलाला बोलवा. परदेशातून मुलीचा रडत फोन आला, तर पाळकसाहेबांनी धीर द्यावाच, पण तिचं म्हणणं तारखेसह लिहून घ्यावं आणि सहीचं पत्र द्यावं. उद्या तेच पत्र तिच्या बाजूनं बोलेल.

रूथची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. मवाबातली ती परकी सून, नवरा गेल्यावर बेथलेहेमात आली, तेव्हा तिचा तिथला आधार काय होता? लग्नाचा होता, आणि तो संपला होता. तरी त्या गावात परक्यांसाठी आणि विधवांसाठी शेतातली कणसं मागे ठेवायचा नियम होता. रूथ ती वेचायला गेली, कारण नामीनं तिला घरात कोंडून ‘गप्प राहा’ म्हटलं नाही. नियमाचा आधार घ्यायला, माणसांत जायला तिनं तिला वाट दिली.

मी नामी होऊ शकले नाही. माझ्या भाचीनं मला माफ केलंय, रविवारी आम्ही शेजारीशेजारी बसतो. पण दुसऱ्या कुणाच्या आत्यानं, मावशीनं, आईनं असा फोन आला, तर ‘वेगळी राहा’ म्हणायच्या आधी एकच प्रश्न विचारावा: “बाळ, तुझा व्हिसा काय म्हणतो?”

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, कॅम्प, बेळगाव